मिशीआडचं बोलणं

तुझ्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. भाताचा गोळा ठेवून आम्ही मागं सरकायच्या आत खाली उतरला आणि चोच मारून गेला. सगळ्यांना बरं वाटलं. "काशीबाईची काय इच्छा ऱ्हायली न्हाय बगा, समाधानानं गेली," असं म्हणत लोक चपला शोधायला लागले. पण तुझी एक इच्छा राहिली होती आणि ती माझ्या तोंडावर होती. कावळ्याला भूक लागली असेल. त्याला काय ठाऊक.

त्याच दिवशी आपल्या दत्तूनं डोकं आणि मिशी काढली. आईसाठी लेक काढतो. न्हाव्यानं वस्तरा पुसत माझ्याकडं बघितलं, तर भावकीतला एक म्हातारा लगेच म्हणाला, "त्यांची न्हाय रं. बायकूपायी नवरा मिशी काढत न्हाय." मी मान हलवली आणि घरी आलो. पण ते वाक्य डोक्यात रुतून बसलं. कारण तू मेल्यावर नाही, जिवंतपणी माझी मिशी मागितली होतीस. तीनदा. पहिल्यांदा मी हसलो, दुसऱ्यांदा भांडलो, तिसऱ्यांदा दोन दिवस तुझ्या हातचं जेवलो नाही.

सगळं तुला माहीतच आहे. तरी सांगतो, कारण माझ्या तोंडून तू हे कधी ऐकलं नाहीस.

दत्तूची अंबू झाली ते दुष्काळाचं साल. सूत रंगवायला पाणी नव्हतं, पण बारसं तू दणक्यात केलंस. पाळणा हातमागाच्या खोलीतच बांधला. आपल्या घरात धड तुळई ती एकच. मागाचा वरचा सगळा सांगाडा त्याच तुळईला टांगलेला, पाळण्याची दोरीही त्याच तुळईला. आत्यानं वाकून कानात कुर्र केलं, नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाधप धपाटे घातले. पोर टकाटका बघत होती. मी म्हणालो, बघा, कसं लक्ष देऊन नाव ऐकलं.

मग माझा तो मोठेपणा सुरू झाला. मी मागावर बसलो, खटाखट चालू झालं की अंबू झोपायची. धागा तुटला म्हणून थांबलो, तंबाखू मळायला थांबलो, की लगेच जागी व्हायची आणि रडायची. मी गल्लीभर सांगत सुटलो, "इणकराची पोर हाय. मागाचा आवाज थांबला की झोपेत सुदीक कळतं तिला. कान किती तिखट." लोक यायचे, मी माग चालवून दाखवायचो, थांबवून दाखवायचो. पोर रडायची आणि सगळे हसायचे. देवाघरचा खेळ असल्यासारखा तो खेळ मी दोन महिने केला.

तू हसली नाहीस. एक दिवस कांड्यांवर सूत भरता भरता म्हणालीस, "अवो, ही पोर दचकत न्हाय."

"कशाला दचकंल? आवाजात वाढायलीय."

"पातेलं पडलं माज्या हातनं. पाळण्यापाशी. हिची पापणी हलली न्हाय."

"झोपली आसंल."

"जागी हुती. माज्याकडं बघून हसत हुती."

त्यावर मी जे बोललो ते मला आज लिहायलाही जड जातंय. मी म्हणालो, "तुज्या निंगव्वाचं भूत बसलंय तुज्या डोक्यात. दत्तूच्या पोरीवर उतरवू नगं."

निंगव्वा तुझी धाकटी बहीण. अक्कलकोटच्या पलीकडं, तुझ्या माहेरी. तिला जन्मापासून ऐकू येत नाही आणि म्हणून बोलणंही नाही. गाव तिला मूगी म्हणतं, म्हणजे मुकी, आणि निम्मं गाव येडी म्हणतं. येडी नाही ती. शेळ्या राखते, शंभरात आपली शेळी ओळखते. तू तिच्याशी हातांनी बोलायचीस. मग तुझं लग्न झालं, तू सोलापुरात आलीस, आणि तिच्याशी बोलणारं तिथं कुणी उरलं नाही. हे तू मला एकदाच सांगितलं होतंस, लग्नाच्या पहिल्या वर्षी. मी ते लक्षात ठेवलं आणि बरोबर नको तिथं तुझ्यावर फेकून मारलं. तू कांडी भरत राहिलीस.

पण तू ऐकणारी नव्हतीस. चार दिवसांनी मी सूत घेऊन परत आलो तर पाळणा तुळईला नव्हता. मागच्या अंगणात, शेजारच्या नरसम्माच्या दाराच्या दोन खांबांना झोळी बांधून अंबूला झोपवलं होतंस. मला म्हणालीस, "जावा. माग चालवा. मग थांबवा. मी हितं बसते."

मी चालवला. थांबवला. आत येऊन तू सांगितलंस, "झोपलीय." पुन्हा चालवला, थांबवला. झोपलेली. तिसऱ्यांदा मी चिडून मागाच्या पावड्यावर असा पाय मारला की भिंतीवरची फळी हलली. पोर झोपलेलीच. मग तू तिला उचलून आणलंस, पाळणा परत तुळईला बांधलास आणि म्हणालीस, "आता चालवा." चालवला. थांबवला. आणि अंबू जागी झाली, ओठ काढून रडायला लागली.

तू हळूच बोललीस. "ती आवाजानं जागी हुत न्हाय. तुळई हलायची थांबती तवा जागी हुती. तुमी तिला झोका देत हुता इतके दिवस, दुसरं काय न्हाय."

चाळीस वर्षं मागावर बसलेल्या माणसाला तुळई हलते हे बाईमाणसानं सांगायचं. मी म्हणालो, "अंगणात वारं आसतं, त्यानं गाढ झोपली." तू माझ्या मागं गेलीस. मी तंबाखू मळत बसलो. थोड्या वेळानं समोर येऊन उभी राहिलीस, हातात पितळेची वाटी आणि चमचा. "चार येळा वाजवली तुमच्या पाठीमागं," म्हणालीस. "तुमचेच कान मागानं खाल्लेत. तुमी पोरीच्या कानाची साक्ष कशी देणार?"

खरं होतं. मी ऐकली नव्हती. तरी मी म्हणालो, दोन महिने बघू. आणि घरातला मोठा मी, म्हणून तू दोन महिने थांबलीस. दोनाचे चार झाले. दत्तूही माझ्या तोंडाकडं बघून गप्प. मी अक्कलकोटला गेलो होतो त्या दिवशी तू सुमनला, आपल्या सुनेला, बरोबर घेऊन पोरीला कानाच्या डॉक्टरकडं घेऊन गेलीस. मी परत आलो तर चूल थंड, घराला कडी. संध्याकाळी तिघी आलात. सुमनचे डोळे सुजलेले. तुझे नाहीत.

"कुटं गेलतीस?"

"कानाच्या डाक्टरकडं. पोरीला ऐकू येत न्हाय. कानाशी ढोल वाजवला तर थोडं, न्हायतर न्हाय."

मी मागावर जाऊन बसलो. चालवला नाही, नुसता बसलो. तू दारात उभी राहून सांगत राहिलीस. "डाक्टर म्हनले, लवकर आणलीत. लोक पाच-सहा वर्साची झाल्यावर आणत्यात, पोरगं मुकं हाय म्हणून. ही मुकी न्हाय. जीभ चांगली हाय. ऐकू येत न्हाय म्हणून बोलणं शिकंना. आतापासनं मागं लागलं तर बोलंल म्हनले." आणि मग म्हणालीस, "निंगव्वाला कुणी न्हेलं न्हाय. मीबी न्हेलं न्हाय."

त्या वेळी मी म्हणायला पाहिजे होतं, तू बरोबर होतीस. नाही म्हणालो. पुढची पाच वर्षंही नाही म्हणालो. रोज तू माझ्या ताटात भाकरी वाढलीस, रोज ते वाक्य तोंडाशी होतं आणि रोज मी भाकरीबरोबर गिळलं. आता लिहितो. तू बरोबर होतीस. मी त्या पोरीचे चार महिने खाल्ले.

ऐकायचं मशीन मिळायला पुढं बरेच दिवस गेले. छातीवर पेटी, तिच्यातून कानात वायरी. आपल्याच चादरीच्या तुकड्याची पिशवी शिवून तू ती पेटी पोरीच्या गळ्यात बांधलीस. पहिल्या दिवशी मी सवयीनं माग चालू केला आणि अंबू अशी किंचाळली की माझ्या हातातून धोटा निसटला. तिनं वायरी उपटून फेकल्या. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या कानात काही गेलं आणि ते माझा माग.

"सकाळचं दोन तास माग बंद ठेवा," तू म्हणालीस.

"आन पोटाला काय? वायरी?"

"दोन तास."

"एक."

मी एक दिला. तोही तोंड फुगवून, मागाशेजारी उकिडवं बसून. त्या एका तासात तू पोरीसमोर, उजेडाकडं तोंड करून बसायचीस आणि बोलायचीस. भाकरी थापताना भाकरी, भाजताना भाकरी, फुगली की भाकरी, तिच्या हातात तुकडा दिला की भाकरी. बघ. ये. घे. पाणी. तेच ते, तेच ते. माझं डोकं उठायचं. "रेडिओ हायस का काय?" मी एकदा ओरडलो. तू मान न वळवता म्हणालीस, "रेडिओ बरा. त्याला मिशी न्हाय."

ते मिशीचं खूळ तुला शाळेच्या बाईंनी दिलेलं. बहिऱ्या मुलांच्या शाळेतल्या बाई दर आठवड्याला शिकवायच्या, पोरीशी कसं बोलायचं ते. मशीननं सगळं ऐकू येत नाही, म्हणाल्या, पोर ओठ बघते, ओठ बघून अर्ध्याचं पुरं करते. घरातल्या सगळ्यांचे ओठ तिला दिसले पाहिजेत. तू घरी येऊन मला समोर बसवलंस, माझ्या तोंडाकडं अंबूसारखी बघत राहिलीस आणि म्हणालीस, "तुमचं वटच दिसत न्हाईत. सगळं बोलणं मिशीआड जातंय."

माझी मिशी म्हणजे काय हे तुलाही माहीत. बापाची होती तशीच, खाली झुकून वर वळलेली. तुझ्या बापानं मुलगा बघायला आल्यावर पहिली मिशीच बघितली, असं तूच सांगायचीस. अंबू मम्मी, पप्पा, आव्वा म्हणायला शिकली. तुला आव्वा. मला काहीच नाही. माझ्यासाठी ती बोट नाकाखाली धरून असं वर वळवायची, म्हणजे मी. मला त्याचा अभिमान. "बघ, पोरगी मिशीनं वळखतीय मला."

"व्हय," तू म्हणालीस. "हाक मारत न्हाय."

त्या दोन दिवसांच्या उपासात मी खरं तर याच वाक्यावर रुसलो होतो. मिशीवर नाही.

मग तुझं ते वाटी घेऊन फिरणं. गल्लीत कुणाचं बारसं असलं की तू पदराखाली वाटी-चमचा घेऊन हजर. आत्यानं कुर्र करून झालं, की तू पोराला पाळण्यातून उचलून मांडीवर घेणार, कुणाला तरी समोर उभं करणार आणि पोराच्या पाठीमागं, त्याला दिसणार नाही असं, वाटी वाजवणार. बायका कुजबुजायच्या. "आली काशीबाई परीक्षा घ्यायला." एकीनं तर बारशाचं आवतणच दिलं नाही. एकदा तू चुकलीस पण. दूध पिऊन सुस्त झालेल्या पोराला ऐकू येत नाही म्हणालीस, त्याची आई आठ दिवस रडली, आणि पोराचे कान चांगले निघाले. तू तिच्या दारी जाऊन माफी मागितलीस. तेव्हापासून एकाच वाजवण्यावर बोलायचं सोडलंस, दोन-तीनदा वेगवेगळ्या दिवशी जाऊन बघायचीस. मी हसलो होतो तुला. पण नरसम्माचा नातू तुझ्याच वाटीनं सापडला, अडीच महिन्यांचा असताना. तो आज अंबूच्या दीडपट बोलतो. तेलुगूत बोलतो, मला एक अक्षर कळत नाही, पण बोलतो. अंबूचे ते चार महिने कुठं गेले ते त्याच्याकडं बघून मला कळतं.

आणि ते करडू. गेल्या साली निंगव्वा आली होती, अंबूसाठी एक करडू घेऊन. पंधरा दिवसांत मेलं. मी ते पोरीच्या नजरेआड पुरायला निघालो तर तू अडवलंस. अंबूला जवळ बसवलंस, तिचा हात करडाच्या पोटावर ठेवलास आणि म्हणालीस, "मेलं. करडू मेलं." पुन्हा पुन्हा. तिला डोळे मिटून दाखवलेस, श्वास थांबवून दाखवलास.

मी चिडलो. "आसलं अभद्र कशाला शिकवायलीस पोरीला?"

"सगळे शब्द लागत्यात," तू म्हणालीस. "नुस्ते गोड शिकवून कसं भागंल?"

तुझ्या छातीत कळ आली आणि चार दिवसांत तू गेलीस. दवाखान्यातून तुला घरी आणायच्या आधीच सुमन अंबूला होटगीला माहेरी सोडून आली. पोरीनं बघू नये, घाबरेल, असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं. शहाणपणाचं वाटलं तेव्हा. तेराव्यानंतर ती परत आली. घरभर फिरली. चुलीपाशी गेली, कांड्यांच्या रहाटापाशी गेली, तुझं लुगडं दोरीवर नाही बघून माझ्याकडं वळली. "आव्वा?"

दत्तू तोंड फिरवून बाहेर गेला. सुमननं वर आभाळाकडं बोट केलं. पोर अंगणात जाऊन आभाळाकडं बघून आली. तिथं एक घार होती. परत विचारलं, "आव्वा?" नरसम्मानं हात उडवून दाखवला, म्हणजे गेली, गावाला. झालं. तेव्हापासून रोज संध्याकाळी अंबू उंबऱ्यावर बसायला लागली, रस्त्याकडं तोंड करून. तू होटगीहून, अक्कलकोटहून, कुठून तरी येणार. जेवायला उठवलं तरी मागं बघत उठायची. आठ दिवस मी हे बघितलं. नववी संध्याकाळ बघवेना.

सकाळी उठून न्हाव्याकडं गेलो.

"मामा, दहावा हून किती दिस झाले, आता कुटं?" तो म्हणाला.

"काढ म्हणलं तर काढ."

"भावकी काय म्हणंल?"

"मालकिणीनं सांगितलंय म्हणावं."

परत येताना नरसम्मानं दारातूनच कपाळाला हात लावला. "अय्यो, मामा. सोललेल्या कांद्यावानी दिसायलाव की." मी तसाच आत आलो. मागावर फडकं टाकलं. अंबूला पेटी बांधली आणि तू बसायचीस तिथं, उजेडाकडं तोंड करून बसलो. ती थोडा वेळ मला ओळखेचना. मग जवळ आली, बोट नाकाखाली नेऊन वळवलं आणि हात उलटा केला. कुठं गेली?

"आबा," मी म्हणालो. "मी आबा."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. पाच वर्षांत पहिल्यांदा माझं तोंड तिला दिसत होतं. मग तिनं उंबऱ्याकडं बोट केलं. "आव्वा?"

मला रात्रंदिवस वाटत होतं की मी 'गेली' असं म्हणेन. पण गेली म्हणजे येणारी. होटगीला गेलेली माणसं परत येतात हे तिला माहीत आहे. तेवढ्यात तुझं ते करडू आठवलं. तुझ्या मरणाचा शब्द तूच तिला शिकवून ठेवला होतास, मी भांडत असताना.

"आव्वा मेली," मी म्हणालो. सावकाश म्हणालो. "करडू मेलं. आव्वा मेली."

तिनं हात उचलून माझ्या ओठांवर ठेवला. पुन्हा म्हणायला लावलं. मी पुन्हा म्हणालो. तिनं डोळे मिटले, श्वास धरला, तू दाखवला होतास तसा, आणि डोळे उघडून माझ्याकडं बघितलं, बरोबर का, असं. मी मान हलवली. मग ती रडली. कुशीत तोंड खुपसून, छातीवरची पेटी माझ्या बरगडीत टोचेपर्यंत. त्या दिवशी संध्याकाळी ती उंबऱ्यावर बसली नाही.

मिशी आता वाढवत नाही. सकाळचे दोन तास माग बंद ठेवतो, तू मागितलेस तेवढे. कालपासून ती मला "बा" म्हणते. आ तिला जमत नाही की मला ऐकू येत नाही, देव जाणे, पण हाक आहे. वाटी-चमचा कोनाड्यात ठेवला आहे. परवा मागच्या गल्लीत बारसं आहे, नरसम्मा म्हणाली चला, तुमी वाजवा, वाजली का ते मी ऐकते, कान माजे.

बोलणं मात्र मला जमत नाही अजून. काल सुमन भाकऱ्या थापत होती, अंबूला समोर बसवून मी सुरुवात केली. भाकरी, भाकरी, भाकरी. सतरा वेळा म्हणालो. अठराव्याला माझं तोंड दुखलं आणि ती कंटाळून उठून गेली. तू शंभराच्या वर जायचीस आणि तरी ती उठायची नाही. कसं करायचीस, हे तेवढं विचारायचं राहिलं.